मल्हारीचं अर्धं वाक्य

“...मग तुच्छ लेखण्याच्या उलट शब्द कुठला, अक्का?”

श्रीरंगबुवांनी मठाच्या पायरीवरूनच विचारलं. अजून चपलासुद्धा काढल्या नव्हत्या.

अंबाक्का ओसरीवर वाती वळत होत्या. बुवा कीर्तन शिकले ते यांच्याच पायाशी बसून. आता पंचक्रोशीत बुवांशिवाय सप्ताह उठत नाही, पण अक्कांपुढं ते अजून नुसते ‘श्रीरंगा’च.

“बैस आधी. आदर म्हणतात की त्याला.”

“आदर काय, सरपंचालाही देतात.”

“सन्मान?”

“तो शालीबरोबर येतो, अन् शाल घडी केली की जातो.”

“माया म्हण मग.”

“माया मांजरावरही असते, अक्का. पायात आलं की लाथही बसते त्याला.”

“एवढा पारखून कुणासाठी पाहिजे?”

“मल्हारीसाठी. उद्या तेराव्याचं कीर्तन मीच करणार आहे.”



मल्हारी म्हणजे बुवांचा धाकटा भाऊ. बोलायला अडखळायचा. एखाद्या अक्षरापाशी गाडी अडली की त्याचे प्राण कंठाशी यायचे. बुवांना तेवढा दम कुठला! ते त्याचं वाक्य स्वतःच पुरं करून मोकळे व्हायचे. “भाकरी मागतोय तो, वाढा.” मल्हारी मुकाट जेवायचा. पुष्कळदा त्याला भाकरी नको असायची, वहिनीला भलतंच काही सांगायचं असायचं. पण पुन्हा सुरुवात कोण करणार?

घरातलं घरात राहिलं असतं तर एक वेळ चाललं असतं. कीर्तनात माणसं पेंगायला लागली की बुवा भावाची नक्कल करायचे. मांडव हसून हसून लोळायचा. आणि मागं टाळ धरून उभा असायचा तो मल्हारीच. ताल कधी चुकला नाही त्याचा.

“भरल्या मांडवात मी त्याला हलकं केलं,” बुवा म्हणाले. “आता भरल्या मांडवातच शब्द ठेवायचाय. असा, की ऐकणाऱ्याच्या काळजाला घरं पडली पाहिजेत.”

“शेवटी काही बोलला का रे तो?”

बुवांनी मान खाली घातली.

“दवाखान्यात माझा हात धरला त्यानं. म्हणाला, ‘दादा, तू... तू...’ पुढं येईना. मी म्हटलं, ‘तू पाणी दे, असंच ना?’”

“मग?”

“बघत राहिला माझ्याकडं. मग ‘हं’ म्हणाला. घोटभर प्यायला, अन्... तेवढंच.”

मठाची झाडलोट करणारी सुंद्राबाई अंगणात झाडत होती, ती तशीच उभी राहिली.

अक्का म्हणाल्या, “उद्या काय बोलणार, ते मला म्हणून दाखव.”

बुवा उठले. उपरणं सारखं केलं. आवाज लागला तोही नेहमीसारखा खणखणीत.

“सज्जनहो, माझा बंधू मल्हारी, हा...”

पुढं काही सुचेना.

“हा... याला मी...”

ओठ हलत होते. बुवांनी उपरण्याचं टोक मुठीत घट्ट धरलं, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथंच थांबले. ज्यांच्या जिभेवर गावोगावची माणसं भाळली होती, त्यांना आपल्या पाठच्या भावाबद्दल एक वाक्य जमेना.

सुंद्राबाईला बघवेना. ती कळवळून म्हणाली, “याला मी लई छळलं, असं म्हणा की बुवा.”

“हं,” बुवा पटकन म्हणाले. सुटल्यासारखे. “हं, तेच.”

“तेच म्हणायचं होतं तुला?” अक्कांनी विचारलं.

बुवांचे डोळे भरून आले आणि त्यांनी नकारार्थी मान हलवली.

सुंद्राबाई आणखी काही सुचवायला गेली. अक्कांनी हात वर करून तिला थांबवलं. कापूस बाजूला ठेवला, मांडीवरचा पसारा झटकला आणि त्या बुवांच्या समोर नीट बसल्या.

“याला... मी...” बुवा म्हणाले.

आणि थांबले.

अंगणातलं ऊन कुंपणावर चढलं. सुंद्राबाई झाडू टेकवून खाली बसली. अक्का नजर न हलवता बुवांकडं बघत होत्या.

“अक्का, मला... मला...”

“बोल, बाळा. मला कुठं जायचं नाही.”