कम्प्युटरसाठी लावलेला कौल

कोकणातल्या एका गावात एक भोळा गृहस्थ होता. नाव भार्गव. मनानं सोन्यासारखा, पण सांगितलं ते शब्दाला शब्द करायचा. त्याची बायको रोहिणी गावच्या शाळेत शिकवायची. दोन वर्षं खपून तिनं आपल्या आईच्या हातचे दोनशे पदार्थ घरच्या कम्प्युटरवर लिहून काढले होते. आईच्या पंच्याहत्तरीला त्यांचं पुस्तक तिच्या हातात द्यायचं, एवढी एकच तिची हौस.

रोहिणी शाळेत गेली की भार्गव कम्प्युटरवर भजनं ऐकत बसायचा. मधेच पडद्यावर चौकट यायची. ‘या प्रोग्रॅमला बदल करू द्यायचे का? होय. नाही.’ एवढ्या अदबीनं विचारतोय, त्याला नाही कसं म्हणायचं? भार्गव ‘होय’ दाबायचा. आठवड्याभरात पडद्यावर इतक्या जाहिराती नाचू लागल्या, की रोहिणीला आपलं पुस्तक सापडेना.

सगळं निस्तरून ती म्हणाली, “अहो, कुणी परवानगी मागितली की सरळ नाही म्हणायचं.”

भार्गवनं ते मनात पक्कं केलं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या जनाकाकू आल्या. “भार्गवा, परसातली चार अळवाची पानं काढू का रे?”

“नाही.”

काकू चपापल्या. “बरं बाबा. मग येऊ का मी?”

“नाही.”

काकू जुन्या वळणाच्या. घरधनी नाही म्हणतोय, तर उठायचं कसं? दिवेलागणीपर्यंत ओटीवर बसून राहिल्या. घरी त्यांचा भात करपला.

रोहिणीनं कपाळावर हात मारला. “आता स्वतःहून होही म्हणू नका नि नाहीही म्हणू नका. आधी मला विचारा.”

भार्गवनं तेही पक्कं केलं. एका दिवसात तो अकरा वेळा शाळेत गेला. “कम्प्युटर विचारतोय, बदल करू देऊ?” “मांजर ओटीवर चढतंय, चढू देऊ?” “पोस्टमन पत्र देतोय, घेऊ?” दर खेपेला मुलं उभी राहून एका सुरात ‘नमस्ते’ म्हणायची. अकराव्या खेपेला रोहिणी भडकली. “सारखं मला काय विचारता? देवाला विचारा!”

भार्गव तडक देवळात.

ग्रामदेवतेला कौल लावायची त्या गावची रीत. गुरव मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवून प्रश्न विचारतो. उजवी पाकळी पडली की होकार, डावी पडली की नकार. लोक लग्नाचं विचारतात, विहिरीचं विचारतात. भार्गवनं विचारलं, “प्रिंटरच्या प्रोग्रॅमला होय म्हणू?” मग दर चौकटीला नवा कौल. मुलीच्या लग्नाचं विचारायला आलेली माणसं बिचारी खांबाला टेकून ताटकळली.

चौथ्या दिवशी गुरव वैतागला. “भार्गवा, देवाला इतकं छळतात का रे? काय तो एकदाच कायमचा कौल घे नि सोड आम्हाला.”

भार्गवनं हात जोडले. “देवा, कम्प्युटरनं विचारणंच बंद करावं का?”

उजवी पाकळी पडली. बहुधा देवही कंटाळला असावा. भार्गवनं घरी येऊन त्या चौकटी कायमच्या बंद करून टाकल्या.

घर कसं शांत झालं. दोनच दिवसांनी पडदा काळा पडला आणि त्यावर लाल अक्षरं आली. कुणीतरी न विचारता आत शिरून सगळ्याला कुलूप घातलं होतं. दोनशेच्या दोनशे पदार्थ गेले.

रोहिणी रडली. पोटभर रडली. मग डोळे पुसून तिनं कपाटातून पेनड्राइव्ह काढला. “नशीब, एक नक्कल करून ठेवली होती. आता ही एवढीच उरलीय. आत्ताच्या आत्ता तालुक्याच्या छापखान्यात नेऊन द्या. आणि तुमच्या पाया पडते, स्वतःच्या मनानं काही करू नका.”

भार्गवनं ते फारच पक्कं केलं.

अर्ध्या तासात तो हसत हसत परत आला.

“इतक्यात? पोचवलात?”

“पोचेल. वाटेत देऊळ लागलं. स्वतःच्या मनानं कसा जाणार? गुरव जेवायला गेलेला, पाकळ्याही नव्हत्या. म्हणून पेनड्राइव्हलाच ओलं गंध लावून मूर्तीला चिकटवला नि विचारलं, छापखान्यात नेऊ का? उजव्या अंगाला पडला!”

“अहो, पण तो आहे कुठे?”

“पडला तो अभिषेकपात्राच्या धारेबरोबर गोमुखातून थेट ओढ्यात. आणि आपला ओढा तालुक्यावरूनच जातो. माझी एसटीची खेप वाचली!”