कारभारी शेकरू आणि दरीपलीकडचे उंबर

खोल दरीच्या काठावर एक दाट रान होते आणि त्या रानात एक शेकरू राहत असे. तांबूस तुकतुकीत अंग, झुबकेदार शेपूट, आणि पायांत असा जोर की एका झाडावरून दुसऱ्या झाडावर तो पंधरा हात सहज झेपावे. उन्हाळा आला की दरीच्या अलीकडची फळे संपत. पलीकडे झऱ्याकाठचे उंबर मात्र तेव्हाच लगडलेले असत. दरी जिथे सर्वांत अरुंद होती, तिथे दोन्ही काठांवरची दोन झाडे एकमेकांकडे झुकलेली होती. त्यांच्यामधली उडी मारून रानातली सगळी शेकरे दर उन्हाळ्यात पलीकडे जात. त्यांत आपल्या शेकरूची उडी सगळ्यांत लांब पडे, आणि त्याला त्याचा अभिमानही होता.

त्याची चपळाई पाहून रानाच्या राजाने, म्हणजे वाघाने, त्याला आधी निरोप्या केले आणि मग बढती देऊन कारभारी नेमले. दरबाराच्या खडकाशेजारी आंब्याचे झाड होते. त्याच्या बेचक्यात सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसायचे, झाडांवर राहणाऱ्यांच्या तक्रारी ऐकायच्या आणि त्यांचे सार महाराजांना सांगायचे, हे त्याचे काम. खाली वारुळाजवळ मुंगूस बसे. जमिनीवर राहणाऱ्यांच्या तक्रारी ते ऐकून घेई.

काम मानाचे होते आणि शेकरू ते मन लावून करी. पण मुलांनो, ते काम म्हणजे नुसते बसणे होते. शिवाय तक्रार घेऊन येणारे रिकाम्या हातांनी येत नसत. अस्वल मधाचे पोळे आणी, वानरे फणसाचे गरे आणीत. नको म्हटले तर येणाऱ्याला वाईट वाटेल, म्हणून शेकरू ऐकता ऐकता खात राही. किती खाल्ले हे त्याचे त्यालाही कळत नसे. काम संपवून घरट्यात गेल्यावरही डोक्यात भांडणेच फिरत, त्यामुळे झोप धड लागत नसे.

उन्हाळ्यातही खाणे समोर येऊ लागले, तेव्हा त्याने दरी ओलांडणेच सोडून दिले. बायकोलाही त्याने सांगितले की आता तिकडे जायची गरज नाही, आपल्याला इथे काय कमी आहे. बायकोने ऐकले नाही. आपली मुलगी बसून राहिली तर तिचे पाय उडी विसरतील, असे म्हणून ती मुलीला घेऊन एकटीच पलीकडे गेली.

दोन वर्षे अशी गेली. शेकरूचे पोट सुटले. आंब्याच्या बुंध्यावरून चढताना त्याला मध्येच थांबावे लागे आणि तहान तर सतत लागे. शेवटी बायको हट्टाने त्याला म्हाताऱ्या साळिंदराकडे घेऊन गेली. साळिंदर रानाचा वैद्य. त्याने शेकरूचे पोट दाबून पाहिले, त्याला झाडावर एकदा चढउतार करायला लावली आणि त्याची धाप ओसरू दिली.

मग तो म्हणाला, "दुखत काही नाही, म्हणून सगळं बरं आहे असं समजू नकोस. हा आजार आवाज न करता येतो. आत्ता तुला औषध नको, तुझा दिवस बदलायला हवा."

काय बदलायचे तेही त्याने सांगितले. रोज सकाळी दरीच्या काठाने भरभर फेरी मारायची. थोड्या थोड्या वेळाने बेचक्यातून उठून पाय मोकळे करायचे. मध आणि गरे कधीतरी, एरवी कोवळी पाने, साल, साधी फळे. अंधार पडण्याआधी जेवायचे आणि पुरेसे झोपायचे. यात अवघड असे काहीच नव्हते.

त्याच आठवड्यात मुंगूसही साळिंदराकडे जाऊन आले होते. त्यालाही हेच सांगितले गेले होते. मुंगूस थेट वाघासमोर उभे राहिले आणि म्हणाले, की महाराज, पाच तक्रारी झाल्या की मी ओढ्यापर्यंत जाऊन येत जाईन. वाघ थोडा गुरगुरला, पण काम अडत नाही असे पाहून गप्प बसला. हिवाळा येईतो मुंगूस पुन्हा पहिल्यासारखे सडसडीत झाले.

शेकरूने मात्र चारच दिवस फेरी मारली. पाचव्या दिवशी वानरांचे मोठे भांडण आले आणि फेरी राहिली ती राहिलीच. मुंगुसाने त्याला दोनदा हटकले. शेकरू म्हणाला, "तुझ्याकडे सशांच्या आणि उंदरांच्या तक्रारी असतात. माझ्याकडे अर्धं रान येतं. मी उठून गेलेलं महाराजांना चालायचं नाही." महाराजांना त्याने एकदाही विचारले नव्हते. पावसाळा झाला की सुरू करू, थंडी सरली की सुरू करू, असे म्हणत त्याने वर्ष घालवले.

फाल्गुनात एका सकाळी तक्रार ऐकता ऐकता त्याचे तोंड वाकडे झाले. डावा पंजा फांदीवरून सुटला आणि तो बेचक्यात आडवा पडला. मुंगूस धावत वर चढले. चौघांनी मिळून त्याला घरट्यात नेले. वाघाला खरेच वाईट वाटले. असा कारभारी पुन्हा मिळायचा नाही, असे तो सगळ्यांसमोर म्हणाला. दुपारपर्यंत त्या बेचक्यात एक वानर बसले होते आणि अस्वलाने मधाचे पोळे त्याच्यापुढे ठेवले होते.

आता शेकरूकडे वेळच वेळ होता. साळिंदराने सांगितलेले सगळे तो करू लागला. रोज सकाळी खुरडत का होईना, फेरी मारी. पाने खाई, वेळेवर झोपे. हळूहळू त्याचे तोंड सरळ झाले, पोट उतरले, धापही कमी झाली. पण डाव्या पंजाची पकड परत आली नाही. त्याने साळिंदराला विचारले, अजून किती दिवस लागतील. साळिंदराने तो पंजा आपल्या हातात धरून दाबून पाहिला आणि नकारार्थी मान हलवली.

वैशाख लागला. अलीकडची झाडे ओकीबोकी झाली. कारभारीपण गेल्यावर खाणे घेऊन येणारेही कोणी उरले नव्हते. बायको म्हणाली की यंदा आम्ही जात नाही. शेकरूनेच आग्रह करून तिला आणि मुलीला पाठवले. त्या दोघी गेल्यावर तो एकटा काठावरच्या त्या झाडावर चढला. पलीकडची फांदी त्याच्या जुन्या उडीच्या निम्म्यावर होती. त्याने डावा पंजा सालीत रुतवून पाहिला. तो रुतला नाही. खाली दरी होती. तो बुंध्याला धरून हळूहळू मागे उतरला.

दुसऱ्या दिवशी बायको तोंडात उंबरांची फांदी धरून परत आली. मग ती रोजच येऊ लागली. ओझे तोंडात घेऊन उडी मारताना तिचा तोल जाई. ती झेपावली की शेकरू डोळे मिटून घेई आणि पानांची सळसळ ऐकू आल्यावरच उघडी. एकदा तिचा मागचा पाय फांदीवरून घसरला. ती कशीबशी सावरली, पण तिच्या पोटाला लांबलचक ओरखडा उठला.

तेव्हा शेकरू म्हणाला, "उद्यापासून येऊ नकोस. तुझं काही बरंवाईट झालं, तर मुलीला कोण आहे?"

"अहो, मग तुम्ही काय खाणार?" तिने विचारले.

ती थोडा वेळ त्याच्याशेजारी टेकली, तिने ओरखडा चाटला आणि मुलगी वाट पाहत असेल म्हणून ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. तिने आणलेले उंबर शेकरूने बाजूला सारले. पण भूक लागली होती. त्याने ते खाल्ले.

तात्पर्य : शरीर कुरकुर करत नाही, तेव्हाच त्याच्यासाठी रोज थोडा वेळ काढावा. ज्या कामापायी आपण ते झिजवतो, ते काम दुसऱ्या दिवशी दुसऱ्याचे होते. आपल्या आजाराचे ओझे मात्र आपल्याच माणसांना वाहावे लागते.