कडेवरचं पोर

सोलापुरातल्या एका चादरीच्या कारखान्यात दहा माणसं कमी करायची ठरली. कायदा सरळ होता, शेवटी लागला त्याने आधी जायचं. पण मालक मुरलीशेठना जुन्या बायकाच नको झाल्या होत्या. 'विम्याचे कागद' म्हणत त्यांनी नव्या नेमणूकपत्रांवर या बायकांचे अंगठे घेतले. ती पत्रं हजेरी कारकून येमूल यांना नाइलाजाने लिहावी लागली.

कामगार अधिकारी आले, तेव्हा शेठ सगळ्यांत जुन्या कामगार बाईला ऐटीत म्हणाले, "नरसव्वा, कागदाप्रमाणे तू गेल्याच महिन्यात लागलीस. तूच शेवटची!"

नरसव्वाने पदर खोचला आणि भिंतीवरच्या खंडेनवमीच्या फोटोकडे बोट केलं. हार घातलेला माग, थोरले मालक, शेजारी तरुण नरसव्वा आणि तिच्या कडेवर शेंबडे मुरलीशेठ.

"मालक, मी गेल्या महिन्यात लागले, तर माझ्या कडेवरचं हे पोर महिन्याभरात खुर्चीएवढं झालं कसं?"

अधिकाऱ्यांनी नवी पत्रं बाजूला सारली आणि जुने हजेरीपट मागितले. येमूल ते आणायला जवळजवळ धावलेच.

"बाई," ते हात जोडून म्हणाले, "तीस वर्षं तुमच्या नावापुढे 'हजर' लिहीत आलो. 'जबाबी' लिहायचं राहूनच गेलं!"