गुडघ्याएवढा टप्पा

अरे थांब, आधी ऐक, परवा आपल्या इनडोअर हॉलच्या सामानखोलीत काय झालं! तिथे ठोंब्या नावाचा फुटसॉलचा, म्हणजे हॉलमधल्या फुटबॉलचा, म्हातारा चेंडू राहतो. त्याच्या शेजारी एक नवा, चकचकीत चेंडू आला. सकाळी कुडाळकर सर दोघांना आपटून बघणार, एकाला ठेवणार आणि दुसऱ्याला कापून फाटक्या बाकाला ठिगळं लावणार, हे दोघांनाही कळलं होतं.

नवा घाबरून म्हणाला, "काका, मी किती उडू?"

ठोंब्याला खरं माहीत होतं. हॉलच्या फरशीवर टप्पा गुडघ्याएवढाच हवा, नाहीतर चेंडू पायात राहत नाही. पोराने थोडी हवा सोडली असती तर भागलं असतं. पण मग ठोंब्याचं काय?

"छाती फुगवून उड रे," तो म्हणाला. "छताला टेकव डोकं!"

सकाळी पोरगं सरांच्या डोक्यावरून गेलं आणि वरूनच ओरडलं, "काका, बघितलंत?"

"हा आत चालायचा नाही," सर म्हणाले आणि त्यांनी कात्री मागवली.

आता ठोंब्या खेळताना बाहेर गेला, की नेमका त्या बाकावर आदळतो. ठिगळ अजून विचारतं, "काका, बघितलंत?"

खरं सांग, तू काय सांगितलं असतंस?