मांडीवर घेतलेला पाय

फार फार पूर्वीची गोष्ट. गाव नदीच्या अलीकडे होतं की पलीकडे, हे आता खात्रीनं सांगवत नाही. आठवणीचा काय भरवसा! पण त्या गावात ख्रिस्ती माणसांची एक लहानशी मंडळी होती, एवढं नक्की.

मंडळीचे पाळक विद्वान, पण भित्रे. मंडळीचा कारभार पाहणारे एक पंच होते; कष्टाळू, पण जिभेला धार. उपासनेला उशीर झालेल्या माणसाला ते दारातच झाडायचे. हळूहळू लोक यायचे कमी झाले. पंचांना सांगायला हवं, हे पाळकांना कळत होतं; धाडस होत नव्हतं.

शेवटी त्यांनी युक्ती काढली. एका रविवारी कोणाचंही नाव न घेता जिभेच्या पापावर खणखणीत उपदेश केला.

उपासना सुटल्यावर पंच हसत पुढे आले. "छान झोडपलंत, पाळकसाहेब! लागायचं त्याला बरोबर लागलं असणार."

पुढच्या रविवारी येशूच्या आठवणीत भाकर वाटून खायची होती, पण त्या प्रभुभोजनाचं मेज रिकामं होतं. त्यासाठी भाकर भाजून आणणारी म्हातारी आलीच नव्हती.

पाळक तिच्या घरी धावले.

"कुठल्या तोंडानं येऊ, बाबा?" ती डोळे पुसत म्हणाली. "सुनेला मी टाकून बोलले होते. तुम्ही चारचौघांत तेच काढलंत. माझ्या हातची भाकर आता तिथं नको."

पाळकांनी हात जोडले. "आजी, तो उपदेश तुमच्यासाठी नव्हता हो. ज्यांच्यासाठी होता, त्यांच्याकडे जायला मी भ्यालो. मला क्षमा करा."

म्हातारीनं त्यांना नीट न्याहाळलं आणि मग तिला हसूच आवरेना. "एवढं शिकलात, अन् हे ठाऊक नाही? काटा काढायचा तर पाय मांडीवर घ्यावा लागतो. लांबून सुई फेकली, तर दुसऱ्यालाच टोचायची!"

पाळक तिथूनच पंचांच्या मळ्यात गेले. वाफ्यांना पाणी द्यायला हात लावला, मग बांधावर शेजारी बसले.

"तुमच्यावाचून मंडळीचं पान हलत नाही," ते म्हणाले. "म्हणून सांगतो. तुमच्या बोलण्यानं माणसं दुखावतात, दारातून परत जातात."

पंच लालबुंद झाले. उठून चार पावलं गेले आणि वळले. "मग आजवर सांगितलं का नाहीत? सगळे गप्प बसतात, म्हणजे पटतंय असं वाटायचं मला."

"भीती वाटली."

"माझी?" पंच परत येऊन शेजारी बसले.

पुढच्या रविवारी पंच दारात उभे होते; उशिरा येणाऱ्यालाही "या, बसा" म्हणत होते. मेजावर भाकर होती. म्हातारीला तिच्या घरून तेच घेऊन आले होते.

पुढं कितीतरी वर्षांनी मी चौकशी केली, तेव्हा एका गोष्टीची खात्री पटली. म्हातारीच्या माघारी प्रभुभोजनाची भाकर पंच स्वतःच्या हातानं भाजत असत, अगदी शेवटपर्यंत.

म्हणून, चूक दाखवायची तर आधी प्रेमानं जवळ जावं. लांबून मारलेला बोल भलत्यालाच लागतो.