टोपलीखालचे कंदील

एक होता डोंगर, आणि डोंगराच्या अंगाखांद्यावर होत्या तीन वाड्या. वरची, मधली, खालची. त्या डोंगरावर यायचं कंदिलाचं फूल. दिवेलागणीला आपोआप पेटायचं, बरं का! धुक्यात वाट चुकलेला माणूस त्या उजेडानं घरी यायचा.

पण लोकांनी कंद उकरून खाल्ले आणि कंदील विझत गेले. मग वाडीवाडीत बायकांची मंडळं निघाली, फूल वाचवायला. छान झालं ना? कसलं छान! प्रत्येक मंडळानं एकेक रोप लपवलं, त्यावर टोपली पालथी घातली आणि बजावलं, "हे शेवटचं. कुणाला सांगायचं नाही."

तिन्ही टोपल्या ठाऊक होत्या एकट्या गोजराला. ती शेळ्या घेऊन सगळीकडे फिरायची ना! कंदील विझले आणि तिची धाकटी बहीण धुक्यात दोन दिवस हरवली होती. तेव्हापासून गोजराला धुक्याची फार धास्ती.

एकदा काय झालं, तिच्या नाकावर तिळाएवढी माशी बसली. गोजरा केवढ्यानं दचकली!

माशी म्हणाली, "ओरडू नकोस. मी एका दिवसाची. ह्या फुलातले पराग त्या फुलात नेले तरच बी धरेल. टोपल्या उचलायला सांग."

मग गोजरा धावली वरच्या वाडीत. तिथल्या मंडळाच्या सगुणाक्का म्हणाल्या, "दुसरं रोप आहेच कुठे? काहीतरीच तुझं!"

मग मधल्या वाडीच्या मंडळात. बायजाकाकी म्हणाल्या, "बैठक घेऊ. मंगळवारी."

मग खालच्या वाडीच्या मंडळात. ठकूमावशी म्हणाल्या, "आधी त्या दोघींना उचलू दे."

"मंगळवारी मी कुठली असणार?" माशी करवादली. "माझा सगळा जन्म चालला तुमच्या मानपानात!"

ऊन उतरलं. गोजरानं तिघींना हाताला धरून मधल्या कातळावर ओढत आणलं. "बघा!" वर, समोर आणि खाली, तीन टोपल्यांच्या विणीतून तीन उजेड झिरपत होते.

"अगं बाई, तुमच्याकडेही?" सगुणाक्का म्हणाल्या.

"मग उचला की तुम्ही आधी!"

"आम्हीच का आधी?"

गोजरानं कपाळावर हात मारला. तिला रडूच फुटलं. "माझी बहीण हरवली तेव्हा कोण म्हणालं होतं 'आधी तुम्ही'? तेव्हा तिन्ही वाड्या एकदम धावलात की नाही?"

तिघी पदर खोचून पळाल्या, तीन दिशांना. तिन्ही टोपल्या एकदम उचलल्या गेल्या. माशी पहिल्या कंदिलात शिरली, मग दुसऱ्यात, मग तिसऱ्यात. आणि तिथेच शांत निजली.

पुढे शेंगा तडकल्या. रुईच्या म्हाताऱ्या उडाव्यात तसं बी उडालं. कुठलं कुठल्या वाडीचं, कुणालाच सांगता येईना. दुसऱ्या वर्षी अख्खा डोंगर उजळला. गोजराची बहीण एकटी धुक्यातून हसत घरी आली. तिन्ही वाड्या सुखानं नांदल्या. मंगळवारची बैठक मात्र अजून व्हायचीच आहे!

चला, आता मिटा डोळे. आणि आधी कोण मिटणार, ते भांडण नको. सगळ्यांनी एकदम!