आरवडी घाटावरचे उघडे हात

धुरपदाचं कुणी खरं मानलं नाही. गावानं नाही, तिच्या सख्ख्या दिरानंही नाही. आरवडीच्या घाटावर आज जी तऱ्हा दिसते ती त्या न मानण्यातून आली, असं सांगतात.

नवी माणसं इथल्या नावेत बसली की हसतात. नाव सुटायच्या आधी सगळे उतारू दोन्ही हात उघडे करून नावेच्या कडेवर ठेवतात. म्हातारे, पोरी, शाळामास्तर, सगळे. नदीला नमस्कार करता का, म्हणून नवखे विचारतात. नमस्कार कसला? झडती आहे ती.

पूर्वी इथं मोठी नाव एक आणि तिच्या मागं दोरानं बांधलेला तराफा एक. नावेत गावातली माणसं, तराफ्यावर गावकुसाबाहेरची. पाणी तेच, भोई तोच. दोर मात्र बाहेरच्यांनीच वळून द्यायचा. तो धुरपदाचा नवरा तुळशीराम वळायचा.

एका बाजाराच्या दिवशी भर धारेत दोर गेला. तराफा उलटला, तुळशीराम बुडाला. धुरपदा ओंडक्याला धरून काठाला लागली आणि तोंडातलं पाणी थुंकायच्या आधी ओरडली, "दोर कापला! विळा दिसला मला, नावेतला!" दाटीत हात कुणाचा ते मात्र दिसलं नव्हतं.

गाव म्हणालं, "तुळशाचा दोर, कुजकाच असणार. बाई दुःखानं भ्रमली."

"मह्या नवऱ्याच्या दोराला हत्ती बांधा," ती म्हणाली. "मेलेल्याच्या कामाला नावं ठेवता व्हय रं?"

तिनं शपथ घेतली. कापणारा कबूल होईस्तोवर तराफ्यावर पाय ठेवायचा नाही. जायचं तर नावेतून. पुढच्या बाजारापासून बाहेरची सारी माणसं येऊन नावेच्या फळीशी उभी राहायची. भोयानं नाही म्हणून मान हलवली की तिथंच उतारावर बसायची. शिवी नाही, दगड नाही, कुणाची वाटही अडवली नाही. फक्त नावेतल्यांच्या हातांकडे बघत राहायची.

गावात दया आली ती एकट्या गंगासागरबाई देशमुखिणीला. बसलेल्यांसाठी ती भाकरी आणायची. पण द्यायची डाव्या हातानं, उजवा पदराखाली. "विटाळाला भिते, म्हणून डावा," माणसं कुजबुजली. धुरपदालाही तसंच वाटलं. तिनं भाकरी घेतली नाही.

नावेत मात्र संशयाचा किडा शिरला. बाई खोटी असेल तर एवढी उन्हात कशाला बसेल? आणि खरी असेल, तर विळा कुणाचा? दोर मागल्या टोकाला बांधलेला होता, म्हणजे मागं बसणाऱ्याचा. सोनार म्हणे तेली मागं होता, तेली म्हणे कुलकर्णी. होता होता मागं बसायला कुणी तयार होईना. सारे पुढं दाटीनं. नावेचं तोंड पाण्यात, शेपूट वर.

शेवटी लक्षा भोयानं वल्हं आपटलं. "मी नाव वल्हवतो का नांगर धरतो? मागं बसा कुणीतरी!" कुणी हललं नाही. "धुरपदे, मग तूच ये बाई!"

धुरपदा उठली.

"येते. आमी समदेच येतो. पण आधी यांनी हात कडेवर ठेवायचे, उघडे. विळ्याशेजारी मी आंधळी बसायची न्हाई."

हात आले. एक सोडून.

"माझ्या हाताला नायटा झालाय गं," नावेत बसलेली देशमुखीण म्हणाली.

"असू द्या बाईसाहेब. नायटा चालतो मला."

पदर सरकला. तळहातावर आडवा वार होता, ओल्या दोरावरून विळा घसरल्याचा. विटाळाची भीती नव्हती ती, वार लपवायची होती.

"तराफा नावेला खाली ओढत होता," ती म्हणाली. "माझी लेक होती नावेत."

"आन् मव्हा धनी तराफ्यावर," म्हणत धुरपदा तिला खेटूनच बसली.

त्या दिवसापासून नाव एकच राहिली. तराफा काठावर कुजून गेला म्हणे.

देशमुखांनी पुढं घाटाला दगडी पायऱ्या बांधून दिल्या. पायऱ्या सगळे वापरतात, विसरत कुणी नाही. आजही हात कडेवर आले की भोई विचारतो, "दोर कुणाचा?"

"तुळशीरामाचा."

"तुटला?"

"न्हाई."

"मग कापला कुणी?"

देशमुखांच्या घरचं माणूस नावेत असलं तरी आवाज खाली येत नाही.

"गंगासागरबाईनं."